क्लायंटला बजेट द्यायचं तर किती बारीक द्यायचं

मी नागपुरात इंटिरियर आणि रिनोव्हेशनची कामं घेतो, जास्त करून टू बीएचके, थ्री बीएचके फ्लॅट, मधूनच एखादं क्लिनिक नाहीतर ऑफिस. या लाईनमधे नवीन आलेली पोरं मला डिझाईनचं फारसं विचारत नाहीत, ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं येतं. विचारतात हे की भाऊ, बजेटमधे लिहायचं किती, एका पानात आटपायचं की स्क्रू-खिळ्यापर्यंत जायचं. मी दोन्ही करून पाहिलं आणि दोन्हीत मार खाल्ला, म्हणून जरा सविस्तर सांगून राहिलो. आकडे जे देईन ते फक्त समजवायला आहेत, रेट म्हणून उचलू नका.

आधी दोन फजित्या

पहिली मनीषनगरची. नवीन होतो, काम मिळवायची घाई होती, लेटरहेडवर एक ओळ लिहिली, संपूर्ण फर्निचर, सीलिंग, पेंट, इलेक्ट्रिकल मिळून साडेसहा लाख. क्लायंट खुश, मी खुश, दोन्ही पार्ट्या महिनाभर खुश. मग चिमणीचा डक्ट निघाला, मग पडद्यांचे रॉड, बाथरूमचा आरसा, जुना ओटा फोडला त्याचा मलबा चौथ्या मजल्यावरून खाली कोण नेणार ते, आणि दर वेळी काका एकच म्हणायचे, "संपूर्ण म्हणाले होते ना तुम्ही?" आणि म्हणालोच होतो की, काय बोलणार. शेवटी आरसा मी दिला, मलबा मी उचलला, रॉड अर्धे-अर्धे केले, आणि एवढं करूनही काकांना वाटलं की याने मागून पैसे काढायचा प्लॅन आधीपासूनच केला होता.

त्या रागात पुढच्या क्लायंटला मी २१२ ओळींचं बजेट दिलं. अकरा पानं. प्लायच्या शीट किती, लॅमिनेट किती, फेविकॉल किती किलो, बिजागरं किती, स्क्रूचे डबे किती, सगळं. मला वाटलं आता कोणी बोट ठेवू शकत नाही. त्यांच्या साळ्याचं इतवारीत हार्डवेअरचं दुकान निघालं. तो पेन घेऊनच बसला, हे बिजागर १४० ला काऊन लावलं, आपल्याकडे ९५ ला आहे. तासभर बिजागरांवर गेला बाप्पा. वॉर्डरोबची दारं स्लायडिंग करायची की उघडायची, ज्यात सरळ तीस हजाराचा फरक होता, ते कोणी विचारलंच नाही. शेवटी बिजागरं, चॅनल, हँडल "आम्हीच आणतो" असं ठरलं, आणि तीन महिन्यांनी ड्रॉवर अडकायला लागला तेव्हा फोन साळ्याला नाही गेला, मला आला.

म्हणजे पहिल्यात भांडण झालं कारण लिहिलं नव्हतं, आणि दुसऱ्यात झालं कारण नको ते लिहिलं होतं. लोकं याला भरोशाचा प्रश्न समजतात, की जितकं उघडं करू तितका भरोसा वाढेल. तसं होत नाही. २१२ ओळी पाहिल्या की माणसाला भरोसा नाही वाटत, त्याला वाटतं यात कुठेतरी काहीतरी लपलेलं असणार, आणि तो त्याला कळणारी एखादी ओळ पकडून बसतो, जी बहुतेक सगळ्यात स्वस्त ओळ असते.

ओळ कोणासाठी आहे

आता मी प्रत्येक ओळ लिहिताना तीन गोष्टी पाहतो. या ओळीवर क्लायंट काही ठरवू शकतो का, म्हणजे हो, नाही, कमी करा, दुसरं लावा असं काही म्हणू शकतो का. ही ओळ काढली तर घर वेगळं दिसेल का. आणि काम झाल्यावर साईटवर उभं राहून ती बोटाने दाखवता किंवा टेपने मोजता येईल का. तिन्हीला हो असेल तर ती ओळ क्लायंटच्या कागदावर जाते, नाहीतर माझ्या शीटमधे राहते (मलबा-सफाई आणि माझी डिझाईन-सुपरव्हिजन एवढे अपवाद). फेविकॉलवर क्लायंट काय ठरवणार, काही नाही. बेडखाली स्टोरेज पाहिजे की नाही, हायड्रॉलिक पाहिजे की साधं, हे मात्र तोच ठरवणार, म्हणून ते वेगळं.

तर्री पोह्याच्या ठेल्यावर पहा ना, प्लेटचा एक रेट असतो, कांदा किती, चना किती, तेल किती असं कोणी लावत नाही. पण अंडं टाकू का, एवढं विचारतो आणि त्याचे वेगळे सांगतो. कारण तिथे गिऱ्हाईकाला ठरवायला एवढंच असतं.

आणि हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. आमचे एक क्लायंट रिटायर्ड पीडब्ल्यूडीचे इंजिनियर होते, प्रतापनगरला घर, त्यांनी मला बसवून समजावलं की सरकारी कामातसुद्धा सगळं एकाच तऱ्हेने उघडत नाहीत. टेंडरच्या बी-१ फॉर्ममधे कॉन्ट्रॅक्टर एस्टिमेटच्या वरखाली टक्केवारी भरतो, बी-२ मधे प्रत्येक आयटमचा रेट भरतो, आणि सी फॉर्म म्हणजे लम्पसम, सगळ्या कामाची एकच ठोक रक्कम. तिन्ही चालतात, काम कसं आहे त्यावर. आणि मोजमापाचं जे आयएस १२०० हे भारतीय मानक आहे त्यात प्लास्टर मोजताना अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग, म्हणजे पाच-साडेपाच चौरस फुटाचा छोटा झरोका वगैरे, वजाच करत नाहीत, आणि त्याच्या आतल्या कडांचं प्लास्टरही वेगळं धरत नाहीत. म्हणजे किती बारीक मोजायचं नाही हे नियमातच लिहून ठेवलंय. मला ते लई आवडलं. तेव्हापासून मी पण कागदाच्या खाली लिहितो, कोणतं माप कसं धरलं आणि कोणतं सोडून दिलं.

पैसे जाड, वर्णन बारीक

हे एक समजलं की अर्ध्याच्या वर काम झालं. लोकांना वाटतं बारीक बजेट म्हणजे जास्त ओळी. तसं नाही. रेटची ओळ एकच ठेवा, पण त्या ओळीत काय-काय येतं ते बारीक लिहा. मी वॉर्डरोबची ओळ अशी लिहितो: मास्टर बेडरूम वॉर्डरोब, १२ फूट रुंद ७ फूट उंच, ८४ चौरस फूट समोरून माप, १८ एमएम बीडब्ल्यूपी (पाण्यात टिकणारा) प्लाय आयएस ७१० मार्कचा, बाहेरून १ एमएम लॅमिनेट, आतून ०.८ एमएम, सॉफ्ट क्लोज बिजागर, आत तीन ड्रॉवर, एक लॉकर, दोन हँगर रॉड, हँडल ३०० रुपये नगापर्यंत, लॉफ्ट (वरचा माळा) यात नाही. रेट १,४५० रुपये चौरस फूट, एकूण १,२१,८००. संपलं. यात बिजागराची किंमत कुठेच नाही पण बिजागर कसं येणार हे पक्कं आहे, त्यामुळे उद्या मी हलकं लावलं तर तो मला पकडू शकतो आणि त्याचा साळा माझा रेट पकडू शकत नाही.

मटेरियल आणि मजुरीचं पण तसंच. दोन्ही वेगळं दाखवलं की समोरचा म्हणणार मटेरियल आम्हीच आणतो, लकडगंजला ओळख आहे. आणतो म्हणाला तर हरकत नाही, पण मग ते सुरुवातीपासून लेबर रेटचं काम म्हणून घ्या, त्याचा हिशोब वेगळा असतो, त्यात मटेरियल उशिरा आलं तर सुतार बसून राहिल्याची हजेरी कोणाची ते आधी लिहावं लागतं. विथ मटेरियलचा रेट देऊन मधेच त्यातून प्लाय काढून देऊ नका, वाचतं त्याचं आणि वॉरंटी राहते तुमची.

माप कोणतं हे तर लिहाच लिहा. किचन रनिंग फुटात, म्हणजे नुसत्या लांबीवर, सांगितलं की ऐकायला सोपं वाटतं पण त्या एका फुटात वरचे कॅबिनेट धरले की नाही, टांडम बास्केट (ओट्याखालच्या सरकत्या बास्केट) किती, कोपऱ्याचा फूट दोनदा मोजला का, यातलं काहीच दिसत नाही. फॉल्स सीलिंगमधे प्लॅनचं माप घेतलं की उभ्या पट्ट्या उघडून धरल्या, याने एकाच हॉलमधे बराच फरक पडतो, आणि दोन कोटेशन घेऊन बसलेल्या क्लायंटला वाटतं तुमचा रेट महाग, खरं तर समोरच्याने रेट कमी सांगून माप जास्त धरलेलं असतं. इलेक्ट्रिकलमधे पॉइंट म्हणजे काय तेही लिहा, मॉड्यूलर प्लेटसकट की फक्त वायरिंग.

किती ओळी

माझा हिशोब असा की एकूण रकमेच्या एक टक्क्याखालची ओळ वेगळी ठेवायची नाही, कुठेतरी जोडून द्यायची, आणि पाचव्या हिश्श्याच्या वर गेलेली ओळ फोडायची. हा काही नियम नाही, मला जमलेली गोष्ट आहे.

बेसा भागातल्या एका फ्लॅटचं उदाहरण देतो, यात फूट म्हणजे चौरस फूट. किचन १,६५,०००, वरचाच तो वॉर्डरोब १,२१,८००, बेड ४८,०००, मुलांच्या खोलीत ५६ फूट वॉर्डरोब ८१,२०० आणि स्टडी टेबल २८,०००, टीव्ही युनिट ६२,०००, सीलिंग ५२० फूट ९५ च्या रेटने ४९,४००, इलेक्ट्रिकल ४६ पॉइंट ४१,४००, पेंट २,६०० फूट २४ ने ६२,४००, मलबा-सफाई-सामान चढवणं १८,०००, डिझाईन आणि सुपरव्हिजन ६०,०००. झाले ७,३७,२००. आता यात एक टक्का म्हणजे सात हजार आणि काही, त्याखालचं काही मी ठेवलं नाही, देवघराची छोटी फळी टीव्ही युनिटमधे टाकली, चपलांच्या रॅकचं पण तेच. आणि किचन पाहिलं तर एकटंच बावीस टक्के होऊन राहिलं. ते फोडलं, बॉक्स आणि शटर ९८,०००, ओट्याचा ग्रॅनाईट आणि टाईल्स ३२,०००, हार्डवेअर आणि बास्केट ३५,०००. फोडताना पण कुठून फोडायचं ते पहा, मी कच्चा माल-मजुरी असं फोडलं नाही, मॅडमला जिथे वरखाली करता येईल तिथे फोडलं. त्यांनी खरंच बास्केट दोन कमी केल्या आणि त्या पैशात ग्रॅनाईट चांगला घेतला. तेरा ओळी झाल्या, दीड पान.

दीड-दोन पानं, दहा ते पंचवीस ओळी, घराच्या कामाला एवढं पुष्कळ. बंगला असेल, सिव्हिलसकट असेल तर वाढतील, तेव्हा खोलीवार किंवा मजल्यावार बेरीज लावा, एका दमात चाळीस ओळी कोणी वाचत नाही.

पेमेंटचे टप्पे पण याच ओळींवरून निघाले पाहिजेत, हे लोकं विसरतात. ओळ "सीलिंग" अशी असेल तर सीलिंग झालं, पैसे द्या असं म्हणता येतं. ओळ "प्लाय" अशी असेल तर तो प्लाय तीन खोल्यांत वाटला गेला, आता कोणत्या दिवशी काय मागणार?

ठरलं नाही त्याचं काय

टाईल्स, लाईट, नळ, वॉलपेपर, या गोष्टी बजेटच्या वेळेला कोणी पसंत केलेल्या नसतात. तिथे उगाच कंपनी आणि मॉडेल टाकून बारीकपणाचं नाटक करू नका, बेसिक रेट लिहा. टाईल्सचा बेसिक रेट ६० रुपये फूट, त्यावर गेलं तर फरक क्लायंटचा, खाली आलं तर वजा. पण इथे पण एक खोच आहे. ३०० फूट टाईल्स, पसंत केली ८५ ची, फरक २५ चा, म्हणजे ७,५००. पण कापाकापीची आठ टक्के वेस्टेज धरून माल येतो ३२४ फूट, त्याचा फरक होतो ८,१००. त्या सहाशे रुपयांवरून मी एका सज्जन माणसाशी अर्धा दिवस वाद घातलेला आहे. आता लिहितोच, फरक आलेल्या मालावर, लागलेल्या मापावर नाही.

आणि "यात काय नाही" ही यादी मात्र जितकी बारीक लिहाल तितकी कमी. एसी आणि त्याचे कॉपर पाईप, चिमणी, हॉब, गीझर, पंखे, झुंबर, पडदे, रॉड, गाद्या, सोसायटीचं डिपॉझिट, लिफ्टचे पैसे, बाल्कनीची जाळी. इथे एक टक्क्याचा हिशोब लावू नका, दोनशे रुपयाची गोष्ट असली तरी लिहा. बजेट वाचणारा पैसे सोडून बाकी काही वाचत नाही असं वाटत असेल तर ही यादी एकूण रकमेच्या बरोबर खाली लावा, पाठीमागच्या पानावर नाही.

"किरकोळ ४०,०००" अशी ओळ टाकू नका. भिंत फोडल्यावर काय निघेल माहीत नाही हे खरंय, जुन्या घरात तर हमखास निघतं, पण मग तसं सरळ लिहा, आकस्मिक खर्च पाच टक्के, तुम्हाला विचारूनच वापरणार, उरले तर बिलात येणार नाहीत. सरकारी एस्टिमेटमधे पण कंटिन्जन्सीची वेगळी ओळ असते, लाज वाटायचं कारण नाही. पावसाळ्यात काम असेल तर रेतीचं पण बोलून ठेवा, घाट बंद असतात आणि कन्हान नदीच्या रेतीचा ब्रासचा (शंभर घनफुटाचा) भाव तेव्हा आपल्या हातात नसतो.

टॅक्सची ओळ वेगळी

जीएसटी रेटमधे मिसळू नका, खाली वेगळा दाखवा. ७,३७,२०० वर १८ टक्के म्हणजे १,३२,६९६, हा आकडा पाहून क्लायंटचा चेहरा उतरतो हे मान्य, पण तो पहिल्या दिवशी उतरलेला बरा. छोट्या धंद्यांसाठी जीएसटीची जी कंपोझिशन स्कीम आहे त्यात असाल तर टॅक्स वेगळा घेताच येत नाही, बिल ऑफ सप्लाय, म्हणजे टॅक्स न लावलेलं बिल, द्यावं लागतं, तेव्हा ती ओळ लावायचीच नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं तेव्हा एका क्लायंटने पेपर वाचून फोन केला, आता दहा टक्के कमी करा. मी रजिस्टर्ड आहे, सिमेंटवर भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट, म्हणजे माझ्या टॅक्समधून तेवढी वजावट, मला आधीही मिळत होतं, माझ्या बिलावरचा १८ तसाच आहे, त्यामुळे कमी करण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण बजेटमधे टॅक्ससकट सिमेंटची ओळ असती तर हे फोनवर समजावताना माझा घाम निघाला असता.

कंपनीचं काम असेल तर अजून एक. त्यांचं अकाउंट डिपार्टमेंट टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच इन्कम टॅक्स, कापतं, ठेक्याच्या कामावर एक किंवा दोन टक्के आणि प्रोफेशनल फीवर दहा. डिझाईन फी आणि काम एकाच ओळीत असेल तर ते आपल्या मनाने कापतात आणि मग तुम्ही त्यांच्या मागे फिरा. दोन ओळी, दोन बिलं. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस त्याच्या आधीच्या रकमेवर कापला जातो, हाही फायदा.

पहिल्या भेटीत किती

पहिल्या भेटीत मी एकच ओळ देतो, तीही रेंजमधे. काका, असं घर असलं की सात ते नऊ लाखाच्या मधे जातं, कुठे जाईल ते किचन आणि वॉर्डरोबवर ठरेल. तिथे ८,४३,७५० असा आकडा देणं म्हणजे आपल्याला नसलेली माहिती असल्याचं दाखवणं. आकडा जितका तुटक, समोरच्याला तितका तो पक्का वाटतो, आणि मग तोच धरून बसतो. साईटचं माप घेतल्यावर ते तेरा ओळीवालं. ड्रॉइंग फायनल झाल्यावर त्याच ओळी, पण मापं पक्की. ओळींचा क्रम आणि नंबर मात्र तिन्ही वेळेला तोच ठेवायचा, नाहीतर माणूस दोन कागद शेजारी-शेजारी ठेवून शोधत बसतो की यावेळी माझा बेड कुठे गेला.

माणूस पाहूनही बदलावं लागतं. धंतोली-रामदासपेठेतल्या डॉक्टर लोकांना वेळ नसतो, त्यांना एक पान आणि शेवटची तारीख पाहिजे. इतवारीचा व्यापारी एकूण आकडा पाहणार आणि तिथून खाली खेचणार, त्याच्यासमोर ओळी कमी ठेवा पण कमी केल्यावर काय निघेल ते तयार ठेवून जा, आकडा कमी केला तर काम पण कमी झालं पाहिजे. मिहान नाहीतर बुटीबोरी अशा इंडस्ट्रियल भागातल्या कंपनीत परचेस डिपार्टमेंटचा स्वतःचा फॉरमॅट असतो, तो भरायचा, तिथे आपलं तत्त्वज्ञान चालत नाही, तीन कोटेशन एकाच शीटमधे लावून ते पाहणार. फक्त त्यांच्या ओळीत न बसणारी गोष्ट वेगळ्या पत्रात लिहून जोडा. आणि रिटायर्ड इंजिनियर भेटले तर खुशाल बारीक जा, त्यांना ते वाचायला आवडतं, आणि तुमची एखादी चूक ते फुकटात काढून देतात.

सगळ्यात कठीण म्हणजे नवरा-बायको दोघं नोकरीवाले, पहिलंच घर, होम लोनचा हप्ता सुरू. ते बारीक मागतात कारण त्यांना भीती असते. त्यांना अजून ओळी देऊ नका, त्यांच्यासोबत एकदा अर्धा तास बसा आणि प्रत्येक ओळीशेजारी लिहा, हे नंतर करता येतं की आत्ताच करावं लागतं. इलेक्ट्रिकल आत्ता, सीलिंग आत्ता, स्टडी टेबल दोन वर्षांनी चालेल. बिजागराचा भाव मागे मागणाऱ्या एका जोडप्याने हे झाल्यावर पुन्हा कधी तो विषयच नाही काढला.

आपली शीट

आता ते २१२ ओळी वाया जात नाहीत, त्या आपल्याकडे पाहिजेतच. एक्सेलमधे क्लायंटच्या प्रत्येक ओळीखाली माझ्या दहा-बारा ओळी असतात, आठ बाय चारच्या शीट किती, लॅमिनेट, एज बँड, सुतारी, पॉलिश, टेम्पो. ओळी सिलेक्ट करून शिफ्ट, ऑल्ट आणि उजवा बाण दाबला की ग्रुप होतात, बाजूच्या वजाच्या खुणेने मिटतात, वरची ओळ तेवढी दिसते. काम संपल्यावर खरा खर्च त्याच ओळीसमोर टाकायचा, चार कामं झाली की कळतं की आपण पेंटमधे नेहमीच कमी धरतो.

आता यातली माझी बेअक्कल ऐका. एकदा मिटवलेली तीच एक्सेल फाईल क्लायंटला व्हॉट्सअॅपवर पाठवली. त्यांनी बाजूचं अधिकचं चिन्ह दाबलं. शेवटच्या कॉलमला मी नाव दिलं होतं "आपला". रात्री साडेदहाला फोन, "म्हणजे बावीस टक्के तुम्ही खाऊन राहिले का?" त्या बावीस टक्क्यांत सुपरवायझरचा पगार होता, ऑफिसचं भाडं होतं, ४५ डिग्रीच्या उन्हात दिवसातून तीन चकरा होत्या, वर्षभर दार घासतंय म्हणून फुकट जाणं होतं, पण यातलं काहीच मी कधी ओळ म्हणून लिहिलं नव्हतं, म्हणून त्यांना ती चोरीच वाटली, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही वाटली असती. तेव्हापासून दोन गोष्टी. पीडीएफच पाठवतो. आणि डिझाईन-सुपरव्हिजन ही ओळ छातीठोकपणे लावतो, बेसाच्या बजेटमधले ते साठ हजार तेच. कोणी विचारलं तर सांगता येतं काय करतो ते. लपवलेला पैसा सापडला की त्याचं उत्तर नसतं.

एक्स्ट्रा

मूळ बजेट जाड ठेवलं तरी एक्स्ट्रा मात्र बारीक लिहायचं, तिथे एक टक्का वगैरे काही नाही. प्रत्येक एक्स्ट्राचा नंबर, तारीख, कोणी सांगितलं, काय, किती, किती दिवस वाढतील. "मॅडम, एक्स्ट्रा ४, बाल्कनीत एक पॉइंट, ९०० रुपये, करू का?" आणि त्यांचा हो आल्यावरच मिस्त्रीला सांगायचं. साईटवर आलेले मामा, सासरे, शेजारी यांनी सांगितलेलं काम एक्स्ट्रा धरायचं नाही, ज्याने बजेटवर सही केली त्याचाच हो. आणि जे कमी झालं तेही त्याच यादीत उणे म्हणून टाका, फक्त वाढलेलं लिहिणाऱ्याची यादी कोणी वाचत नाही.

बजेट पाठवायच्या आधी मी एक करतो, माझ्या सुतार मिस्त्रीला फोन लावून सगळं वाचून दाखवतो. तो आठवी शिकलेला आहे, त्याला टॅक्स-बिक्स काही कळत नाही, पण साईट कळते. पाच मिनिटांत वाचून झालं नाही तर समजतो ओळी जास्त झाल्या. आणि संपल्यावर तो बहुतेक वेळा एकच विचारतो, "भाऊ, बाथरूमचा आरसा कोणाकडे?"